ठेवलेला भात

पाविरोआजोबांना जाऊन त्या दिवशी हजार दिवस भरत होते. संध्याकाळी वाडीतले पुरुष प्रार्थनेला येणार आणि जाताना प्रत्येकाच्या हाती भाताचा डबा द्यायचा. तो भात किती रांधायचा, यावरून सकाळी सहालाच स्वयंपाकघरात त्यांची बायको पाइकेम आणि सून रेत्नो समोरासमोर उभ्या होत्या.

"साठ डबे जायचेत, इबू. आठ किलो तांदूळ पुष्कळ झाला," रेत्नो म्हणाली.

"सोळा घाल."

"सोळा किलोचा भात खाणार कोण?"

"ते माझं मी बघते," पाइकेम म्हणाली आणि तिने पोत्याचं तोंड सोडलं.

मदतीला आलेल्या शेजारणी कांदे सोलत होत्या. त्यांनी माना आणखी खाली घातल्या. रेत्नोने सूप बाजूला ठेवलं. आजच्या दिवशी वाद घालायचा नाही, असं तिने नवऱ्याला, प्रियोला, कबूल केलं होतं.

पण गेले तीन महिने ती दुसरं काही करत नव्हती. तीन महिन्यांपूर्वी धाकट्या दामारच्या पाळण्याखाली घूस निघाली. मागच्या दारची उष्ट्याची बादली रोज काठोकाठ भरायची, कोंबड्यांनाही ती संपत नसे आणि घुशी तिच्याच वासावर येत. त्या दिवसापासून बालवाडीत शिकवणाऱ्या रेत्नोने घरातलं वाढणं आपल्या हातात घेतलं. मुलांच्या ताटात आधी अर्धा डाव, मागितला तर आणखी अर्धा. दामारचं उरलेलं त्याच्या बापाने खायचं. पातेल्यात उरलं ते डब्यात, डब्यावर उद्याच्या वाराची चिठ्ठी, डबा फ्रिजमध्ये. बादलीचं काम आता एका वाडग्यावर आलं होतं. डबे रोज सकाळी रिकामे, धुतलेले, फळीवर पालथे घातलेले दिसत. प्रियो पाण्याचा टँकर चालवायचा, उन्हाळ्यात पहाटेच निघायचा. तोच खाऊन जात असेल, असं तिने धरलं होतं.

"सोमवार, बुधवार, गुरुवार," फळीवरच्या आणि फ्रिजमधल्या डब्यांच्या चिठ्ठ्या कोणीतरी मोठ्याने वाचल्या. प्रियोची थोरली बहीण एन्दाह आदल्या संध्याकाळी सेमारांगहून आली होती. "इबू, तुम्ही घरात राहता की सुनेच्या बालवाडीत? आता डब्यासारखी तुमच्याही गळ्यात चिठ्ठी बांधतील."

"म्बाक, चहा ओतलाय तुमचा," रेत्नो थोरल्या नणंदेला म्हणाली.

"घेते. साखर मोजून घातली असेल ना?"

एक शेजारीण हसली आणि लगेच खोकली. रेत्नोही हसली, कारण दुसरं काय करणार.

रेत्नोची पाच वर्षांची मुलगी किनांती टेबलाशी बसली होती. तिच्यापुढचं ताट तसंच होतं. फ्रिजमधला गुरुवारचा डबा तिने कधी काढून घेतला कुणाला कळलं नव्हतं. त्याच्या झाकणाला ती कान लावून बसली होती, डोळे मिटून.

"न्दुक, काय चाललंय?" एन्दाहने लाडाने विचारलं. "खा बघू. ताटातला भात टाकला की तो रडतो. आम्हालासुद्धा तुझी म्बाह, माझी आई, हेच सांगायची."

"टाकलेला नाही रडत, बुधे," किनांती आत्याला म्हणाली. "ठेवलेला रडतो."

"असं होय. आणि काय म्हणून रडतो?"

"विचारतो."

"काय विचारतो?"

किनांतीने पुन्हा कान लावला. तिला नीट ऐकून सांगायचं होतं.

"आता उद्या झाला का, असं."

पाइकेमच्या हातातून तांदळाचं मापटं पडलं नाही. ते हातातच राहिलं, पण हात हवेत थांबला आणि त्यातून तांदळाची धार जमिनीवर सांडत राहिली, मापटं रिकामं होईपर्यंत. मग तिने ते शांतपणे पोत्यात खोचलं आणि मागच्या दाराने बाहेर गेली. जमिनीवर सांडलेला एक दाणाही तिने कधी तुडवला नव्हता. आज ती त्यावरूनच चालत गेली.

रेत्नोने डबा ओढून घेतला आणि झाकण उघडलं. आत भात होता. पांढरा, थंड, एका कडेला चमच्याची खूण असलेला.

*

केळीची पानं कमी पडली म्हणून दहाच्या सुमारास एन्दाह कोयता घेऊन गोठ्यामागे गेली. ही बाजू तिच्या लहानपणच्या ओळखीची. गाय विकल्यापासून गोठा मोकळा होता, त्याच्या भिंतीला लागून मिरचीची रोपं आणि त्यामागे केळी. पानं उतरवून ती वळली तेव्हा तिला मिरचीच्या पलीकडे जमीन वेगळी दिसली.

ओळीने उंचवटे होते. वीतभर लांब, तेवढेच रुंद. मागच्या ओळीतले बसलेले, पुढचे ताजे. प्रत्येकावर माती थापटून पक्की केलेली आणि त्यावर हाताच्या पंजाचा ठसा, पाचही बोटं स्पष्ट. कुणी मेलेली मांजरं पुरली असावीत, असं तिला वाटलं. मग तिने मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

कोयत्याच्या टोकाने तिने शेवटचा उंचवटा उकरला. केळीचं पान निघालं, चारी बाजूंनी नीट दुमडलेलं. आत भात होता.

एन्दाह तिथेच उकिडवी बसली. वारा नव्हता, कोंबड्या सावलीला गेल्या होत्या. घरातून कढईचा आवाज येत होता, तो खूप लांबून आल्यासारखा वाटत होता. उठताना तिचं लक्ष शेजारच्या ढिगाकडे गेलं. त्यावर मोठ्या पंजाच्या बाजूला दुसरा एक ठसा होता, लहान मुलाच्या हाताचा.

तिने प्रियोला अंगणातून हाक मारून आणलं. पाठोपाठ रेत्नो आली, कडेवर दामार.

प्रियोने ढीग पाहिले, पण तो चकित झालेला दिसला नाही. ते एन्दाहला खटकलं.

"तुला ठाऊक होतं."

"लहानपणी बघितलंय," तो म्हणाला. "तेव्हा केळीखाली पुरायची. मला वाटायचं सगळ्यांच्या आया पुरतात. खत म्हणून."

"आणि आता?"

"आता मी पहाटे जातो, म्बाक. मला काय दिसणार?"

"म्हणजे डबे तू खात नव्हतास," रेत्नो म्हणाली.

"मला वाटलं, तू शाळेत नेतेस."

कुणी हसलं नाही. दामारने मिरचीचं पान तोडून तोंडात घातलं, ते रेत्नोने बोटाने काढलं.

एन्दाह ढिगांकडे बघत होती. "आठव प्रियो. आपल्याकडे सकाळी कधी परतलेला भात झालाय? वाडीत घरोघरी कालच्या भाताचा वास सुटायचा आणि आपण ताज्या भाताची वाट बघत बसायचो. मला शाळेत मुली विचारायच्या, तुम्ही एवढे श्रीमंत का. आपल्याकडे तर चपलाही नव्हत्या." ती थांबली. "तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा."

"कालचं पोटाला बाधतं, म्हणायची."

"हे पोटाचं नाही. आणि बघ, पोरीलाही बरोबर आणते. हा हात बघ." तिने ठसा दाखवला. "मी सकाळी उगाच तुला बोलले, रेत्नो. चूक माझी. पण हिला अशी ठेवून चालणार नाही. उद्या मी हिला सेमारांगला नेते. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, म्हाताऱ्या माणसांचेच बघतात."

प्रियोच्या खांद्यांवरचा भार उतरल्यासारखा दिसला. "बरं होईल," तो म्हणाला. "थोडे दिवस."

दोघं रेत्नोकडे बघू लागले. तीन महिन्यांचं भांडण तिचं होतं. आता तिने फक्त मान हलवायची होती.

"इबूंना वेड लागलेलं नाही," रेत्नो म्हणाली.

"मग हे काय आहे?"

"मला माहीत नाही. पण वेड लागलेलं माणूस डबा धुऊन, पुसून, पालथा घालत नाही. चिठ्ठीसुद्धा परत चिकटवतात त्या. आणि कुणी त्यांना कुठे न्यायचं असेल तर आधी त्यांना विचारायचं."

"काल संध्याकाळी तू माझ्याकडेच रडत होतीस, सासू ऐकत नाही म्हणून," एन्दाह म्हणाली.

"रडत होते. अजूनही ऐकत नाहीत."

केळीच्या पलीकडे सुकी पानं वाजली. किनांती उभी होती, अनवाणी, हात पाठीमागे बांधून. ती किती वेळ तिथे होती, कुणास ठाऊक.

"न्दुक, तू म्बाहबरोबर इथे येतेस ना?" एन्दाहने विचारलं. "माती थापटायला?"

किनांतीने नाही म्हणून मान हलवली. "मी हात नाही लावला."

"मग हा हात कुणाचा?"

तिने ठशाकडे पाहिलंही नाही.

"म्बाह चुकीच्या जागी पुरते," ती म्हणाली. "ती इथे नाही राहत."

*

दुपारची नमाज झाल्यावर प्रियो वाडीतल्या माणसांना घेऊन टेकडीवर गेला. हजाराव्या दिवशी थडग्यावर दगड बसवायचा होता. स्वयंपाकघरात डबे भरायची घाई होती. भात, वरून कोंबडी, नारळाच्या दुधातली भाजी, गुळाची पोळी. सोळा किलोचा भात डेगीत डोंगरासारखा उभा होता आणि साठ डबे भरून झाले तरी तो डोंगर निम्म्यावरही आला नव्हता.

दामारला झोपवायला रेत्नो आत गेली. म्बाहच्या पलंगावर, जिथे किनांती दुपारी निजायची, तिथे ती नव्हती. अंगणात नव्हती. शेजारी नव्हती. पावसाचं पाणी साठवायच्या टाकीचं झाकण जागच्या जागी होतं, तरी रेत्नोने ते उचलून आत बघितलं आणि काळ्या तळाशी वीतभर पाण्यात तिचंच डोकं दिसलं तेव्हा तिच्या हातून झाकण सुटलं.

"फ्रिज बघ," पाइकेम दारातून म्हणाली.

गुरुवारचा डबा नव्हता.

पाइकेमने भिंतीला टेकवलेली काठी घेतली. "मला ठाऊक आहे. चल."

ती पुढे निघाली. बाहत्तर वर्षांची बाई, रोज मशिदीपर्यंत जायला दोनदा बसणारी, आता चुनखडीच्या उंचसखल वाटेने अशी चालत होती की मागून येणाऱ्या सुनेला धाप लागली. पाइकेमला आपल्या पायांचं नवल वाटत नव्हतं. पाय तिचे नव्हतेच. ते नऊ वर्षांच्या मुलीचे होते आणि त्यांना वाट पाठ होती. या वाटेला ती साठ वर्षांत आली नव्हती. लग्नाची वरात निघाली तेव्हाही तिने लांबचा रस्ता घ्यायला लावला होता. का, ते पाविरोने विचारलं नव्हतं. तो चांगला माणूस होता.

वाट संपली तिथलं तळं आटलेलं होतं. चार महिन्यांत थेंब नाही. तळाची माती खापऱ्या होऊन वर आली होती. काठचा साग पार निष्पर्ण, खाली पानांचा गुडघाभर थर. एरवी त्या पानांत पाय टाकला की आवाज होतो. किनांती सागाच्या बुंध्याजवळ मांडी घालून बसली होती आणि तिच्यापासून तळ्याच्या रस्त्यापर्यंत एक पानही दबलेलं नव्हतं.

पुढ्यात डबा होता, झाकण काढलेला. ती डब्याकडे नाही, डब्याच्या पलीकडे बघत होती, जेवणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

रेत्नो धावणार होती. पाइकेमने काठी आडवी धरली.

"हळू," ती म्हणाली. मग तिने नातीला विचारलं, "इथे कोणी आणलं तुला?"

"ती पुढे चालत होती."

"कोण, न्दुक?" रेत्नोचा आवाज चिरकला. "कोण पुढे चालत होतं?"

"हळू बोल ना, मा. ती जेवतेय."

पाइकेम खाली बसली. बसताना तिचे गुडघे वाजले, आता ते पुन्हा म्हातारे झाले होते. पानं बाजूला सारून तिने जमिनीवर हात ठेवला. वर फांद्यांत एकही पाखरू नव्हतं.

"माझी पाठची बहीण होती," पाइकेम म्हणाली. "सार्मी. चार वर्षांची."

रेत्नोने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. सतरा वर्षं ती या घराशी जोडलेली होती, आधी शेजारीण म्हणून, मग सून म्हणून.

"त्या साली पाऊस झाला नाही. होतं ते उंदरांनी खाल्लं. कसाव्याचं सत्त्व काढून चोथा उरतो, गुरांना घालायचा, तो उकडून खायचो आम्ही. माणसांची पोटं फुगायची. तू ऐकलं असशील."

"ऐकलंय, इबू."

"मी मुखियाच्या घरी भात कांडायला जायची. एक दिवस मुखियाच्या बायकोने मूठभर भात दिला, पानात बांधून. खरा भात. मी घरी आणला. सार्मीला अर्धा दिला. अर्धा ठेवला." तिने बोटांनी जमिनीवर रेघ ओढली. "मी थोरली. मला वाटलं, मलाच तेवढी अक्कल आहे. सगळा आज संपवला तर उद्या काय? म्हणून आढ्यावर लपवला. ती मागत होती. मी म्हटलं, उद्या. ती गप्प पडायची, मग विचारायची, आता उद्या झाला का. मी म्हणायची, नाही, झोप. परत विचारायची. मग विचारायची थांबली. मला बरं वाटलं, झोपली एकदाची."

रेत्नो तिच्या शेजारी बसली.

"सकाळी उठली नाही."

"तुम्ही नऊ वर्षांच्या होता, इबू."

"ते नाही सांगत मी. पुढचं ऐक." पाइकेमचा आवाज कोरडा होता, दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसा. "बाप आणि काका तिला इथे पुरायला घेऊन आले. टेकडी चढायचं त्यांच्यात बळ नव्हतं. मी घरात एकटी होते. आढ्यावरचं पान काढलं. भात आंबला होता, तार सुटत होती. आणि मी तो खाल्ला. सगळा. पान चाटलं. ते परत आले तेव्हा मी तोंड पुसून बसले होते."

किनांती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"पाविरोंनाही हे सांगितलं नाही. आज त्यांच्यावर दगड बसतोय. हिच्यावर काहीच नाही. तू डब्यांवर वार लिहितेस, रेत्नो. मी वाचते. उद्याचा वार असला की मला तो डबा घरात ठेवून झोपता येत नाही. रोज जास्त शिजवते, कुणी मागितलं आणि नव्हतं असं होऊ नये म्हणून. मग उरतं. मग ते मला बघवत नाही. तुला वाटतं म्हातारी माजलीय."

"मला तसं वाटत होतं," रेत्नो म्हणाली. खोटं बोलायची ती जागा नव्हती.

पाइकेमने मान हलवली. तिला ते उत्तर आवडल्यासारखं दिसलं.

किनांती म्बाहच्या पलंगावर निजते, म्बाह झोपेत बोलत असेल, पोरीने ऐकलं असेल, असं रेत्नो मनातल्या मनात जुळवत होती. ते जुळतही होतं. फक्त जागेचं जुळत नव्हतं. आणि त्या न दबलेल्या पानांचं.

"चल, न्दुक," शेवटी ती म्हणाली. "बाबा दगड बसवून येतील."

किनांती उठली. रेत्नोने डबा उचलायला हात पुढे केला तशी मुलीने तिचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"राहू दे. तिचं व्हायचंय अजून."

*

संध्याकाळच्या प्रार्थनेला पुरुष चटयांवर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. प्रियोने गेलेल्यांच्या नावांचा कागद पाक काउमांच्या हाती दिला. वाडीतल्या सगळ्या प्रार्थना तेच सांगत. कागदावर सात नावं होती: वडील, आजे, पणजे. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला तोंड उघडलं, तेव्हा आतल्या दाराचा पडदा सरकला. बायकांच्या बाजूने पाइकेम उंबऱ्याशी आली होती.

"एक नाव राहिलंय," ती म्हणाली.

प्रियोने वळून आईकडे पाहिलं. साठ माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती.

"सांगा," पाक काउम म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

"सार्मी. कार्यो यांची मुलगी."

"कोण ही?" प्रियोच्या शेजारचा माणूस कुजबुजला. प्रियोला सांगता येईना. कार्यो म्हणजे त्याचे आजोबा, आईचे वडील, आणि त्यांना एकच मुलगी होती. पण लहानपणापासून आई जेवताना एका माणसाचं जास्त घ्यायची हे त्याला आठवलं. कुणासाठी विचारलं की म्हणायची, राहू दे, कोणी यायचं असतं. तेव्हा तो दाराकडे बघत जेवायचा.

नाव शेवटी वाचलं गेलं. वाचताना पाक काउम मधेच थांबले आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं. तिकडे त्या वेळी कोणी नव्हतं, सगळ्या बायका पडद्यामागे बसल्या होत्या. भांड्यावर भांडं हलकेच ठेवल्यासारखा एक आवाज झाला होता. मग त्यांनी प्रार्थना पुढे चालू केली आणि सगळ्यांनी आमीन म्हटलं.

डबे वाटून झाले. उरलेल्या भाताच्या टोपल्या घेऊन एन्दाह आणि रेत्नो वरच्या वाडीत घरोघर जाऊन आल्या. जाताना रेत्नोने नणंदेला तळ्याकाठचं सगळं सांगितलं. परतीच्या वाटेवर एन्दाहने रिकामी टोपली दोनदा या हातातून त्या हातात घेतली, आणि सेमारांगच्या डॉक्टरांचं नाव पुन्हा काढलं नाही.

तरीही डेगीच्या तळाशी भात होता. एन्दाहने सवयीने तो पानावर काढायला घेतला.

"ठेव," मागून आई म्हणाली.

"कुठे?"

"रेत्नोच्या त्या डब्यात. आणि चिठ्ठी लाव." पाइकेमने क्षणभर विचार केला. "शुक्रवार लिही."

*

दुसऱ्या दिवशी एन्दाह उजाडताच उठली. आईच्या खोलीत डोकावली. पाइकेम भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि किनांतीचा पाय तिच्या पोटावर होता. एन्दाहने शाल घेतली आणि ती तळ्याकडे गेली. डबा घेऊन यावा, एवढंच तिच्या मनात होतं. प्लास्टिकचा चांगला डबा, उगाच का टाकायचा.

डबा सागाखाली होता, पालथा घातलेला. तिने उचलला तेव्हा आतून पाण्याचे थेंब ओघळले. झाकण बाजूला उभं केलेलं, तेही ओलं. एन्दाहने तळ्याकडे पाहिलं. भेगाळलेली माती, काठापासून काठापर्यंत. डब्याला भाताचा वास नव्हता, राखेचा होता. लहानपणी साबण नसताना भांडी राखेने घासत, तसा.

ती सेमारांगला शिलाईचं दुकान चालवायची, भुताखेतांना हसायची. तिने डबा शालीत गुंडाळला आणि घरी येऊन फळीवर बाकीच्या डब्यांत लावून टाकला. कुणाला विचारलं नाही. पुढेही कधी नाही.

स्वयंपाकघरात कांदा परतल्याचा वास होता. पाइकेम चुलीशी उभी होती, तिच्या हाताशी शुक्रवारचा डबा. कढईत लाल मिरची, कांदा, अंडं, आणि त्यावर तिने भात उलटा केला. थंड भाताचा घट्ट गोळा झाला होता, तो ती उलथण्याने एकेक दाणा करून सोडवत होती, घाई न करता. रेत्नो मध्ये पडली नाही. ती दामारला मांडीवर घेऊन बसली होती आणि सासूच्या हातांकडे बघत होती.

पाइकेमने मुलांना अर्धा अर्धा डाव वाढला. मग प्रियोला, मुलीला, सुनेला. स्वतःच्या ताटात तिने तेवढाच घेतला आणि खाली बसली.

कोणी जेवायला सुरुवात केली नाही. किनांतीने चमचा उचलला होता, तोही तसाच धरून ती म्बाहकडे बघत राहिली.

पाइकेमने पहिला घास तोंडात घातला. तिच्या मानेची शीर ताठ झाली. डोळे मिटले गेले आणि ओठ आवळले. एन्दाहला वाटलं, आता ही उठेल, मागच्या दारी जाईल. प्रियो अर्धवट उठलाही. पण जबडा हलू लागला. हळू, मग पुन्हा. इतका वेळ ती तो एक घास चावत होती की दामारने कंटाळून ताट आपटायला सुरुवात केली. मग तिने गिळला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

रेत्नोने मिठाची बरणी तिच्याकडे सरकवली.